काढ्यातली अर्धी गोळी

माझे वडील खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घ्यायचे नाहीत. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. मी दहावीत असताना एकदा त्यांच्यासाठी केमिस्टकडून बाटली आणली. आण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला, बाटली नाकाला लागेल इतकी जवळ नेली, वाचली आणि माझ्या हातात परत दिली.

"यात अल्कोहोल आहे. दुसरी आण."

"आण्णा, दोन चमच्यांत असून असून किती असणार?"

"किती ते मी नाही बघितलं. आहे का, एवढंच बघितलं."

मी तणतणत परत गेले. केमिस्ट हसला. म्हणाला, "तुझे वडील म्हणजे अवघड केस आहे." होतेच ते अवघड. मीही त्यांचीच मुलगी, त्यामुळे आमच्या घरात भांडायला विषय लागायचा नाही. मी तोंडाने फटकळ, ते मुद्द्याला चिकट. आई म्हणायची, तुम्ही दोघं बाहेर जाऊन काय ते मिटवा आणि येताना कोथिंबीर आणा.

आम्ही बौद्ध. आण्णा तरुणपणी सातारा भागातून मुंबईला आले, घाटकोपरला डोंगराच्या बाजूला खोली घेतली. पुढे तिथेच इमारत झाली आणि आम्हाला सहाव्या मजल्यावर घर मिळालं. विहार मात्र इमारतीच्या पायथ्याशी, जुन्याच जागी. दर रविवारी तिथे वंदना आणि पाच शीलं. जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चालीने वागणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. आम्ही पोरं ती घडाघडा म्हणून मोकळी व्हायचो. आण्णा पाचव्या शीलापाशी जरा थांबायचे आणि मग एकेक शब्द सुटा म्हणायचे.

त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. माझे आजोबा दारूने गेले. शेवटच्या दिवशी आण्णा त्यांच्या उशाशी बसले होते, आणि आजोबांनी डोळे उघडून विचारलं, "कोणाचा रे तू?" आण्णांनी हे आम्हाला दोन-तीनदाच सांगितलं असेल, आणि दर वेळी शेवटी एकच म्हणाले, "मी जाईन तेव्हा जागेपणी जाईन. कोण बसलंय, काय होतंय, सगळं बघत जाईन."

ते पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची आणि व्हॉल्व्ह फिरवून या गल्लीचं पाणी बंद, त्या गल्लीचं चालू. वरची सोसायटी म्हणायची दहा मिनिटं जास्त सोडा, खालची म्हणायची लवकर सोडा. दिवाळीला कुणी ना कुणी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली पुढे करायचं. आण्णा हात मागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, पाणी वेळेवर येईल, ही परत न्या. आई वैतागायची. "आणायची तरी! माझ्या भावाला दिली असती."

निवृत्तीच्या आधीच ते दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला जाऊन आले. मौनाचं शिबिर. मी म्हटलं, आण्णा दहा दिवस गप्प, म्हणजे चमत्कारच! पण ते परत आले ते कायमचे बदलून. रोज पहाटे आणि संध्याकाळी सतरंजीची चौपदरी घडी घालून भिंतीकडे तोंड करून बसायचे, श्वास येतो-जातो ते बघायचे. उठल्यावर एक वाक्य सांगायचे. "आज मन नुसतं भटकत होतं." किंवा, "आज वीस मिनिटं जागेवर होतं." मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला लागले, केस पिकायला लागले, लग्न केलं नाही, तिथेच त्यांच्यापाशी राहिले, आणि इतकी वर्षं डबा भरता भरता विचारत राहिले, "काय आण्णा, आज मनाचं काय म्हणणं?" त्यांना ती थट्टा आवडायची.

करोना ओसरल्यानंतर दीडेक वर्षाने त्यांचं पोट दुखायला लागलं, मग पाठ. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. सलाइनमधून देतात ते उपचार दोनदा घेतले आणि आण्णा म्हणाले, "बास. रोगापेक्षा इलाज भयंकर." त्या वेळी मी भांडले. पण ते भांडण मी हरले, आणि आता वाटतं, तिथेच ते बरोबर होते.

मग घरी येऊन दुखण्यावर उपचार करणाऱ्या एक डॉक्टर मिळाल्या. मुलुंडहून स्कूटरवर यायच्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, आवाज खणखणीत. पहिल्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. पलंगाशेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि आण्णांनाच सगळं विचारलं. मी मध्ये बोलले तर म्हणाल्या, "थांबा जरा, त्यांना सांगू दे." मला राग आला. फाईल मी सांभाळायची, फोन मी करायचे, आणि मीच थांबा?

त्यांनी मॉर्फिनचं नाव काढलं. अगदी कमी मात्रा, अर्धी गोळी, दिवसातून चार वेळा.

"त्याने गुंगी येते?" आण्णांनी विचारलं.

"सुरुवातीला येते. बहुतेकांची दोन-चार दिवसांत कमी होते."

"माझी कमी होईलच?"

"होईलच असं नाही सांगता येत. तुमचं वय, लिव्हर… थोडा गोंधळ राहू शकतो."

"मग नको."

मी म्हटलं, "आण्णा, विहारातल्या भन्तेजींनीच सांगितलंय ना, औषध म्हणून घेतलं तर शील मोडत नाही?"

"शिलाचं नाही म्हणत मी. मला ठाऊक आहे ते. माझ्याकडे आता फार दिवस नाहीत. आहेत ते जागेपणी पाहिजेत."

"आणि हर्नियाच्या वेळी भूल घेतली होतीत ती?"

"तेव्हा मरायचं नव्हतं," आण्णा म्हणाले. डॉक्टरबाईंना हसू आलं, मला मुळीच आलं नाही.

जाताना दारात त्यांनी मला चिठ्ठी दिली. या गोळ्या सहज मिळत नाहीत, आणून ठेवा, त्यांना असह्य झालं आणि त्यांनी मागितलं तर धावाधाव नको. "पण त्यांनी मागितलं तरच. ते पूर्ण शुद्धीवर आहेत. शरीर त्यांचं आहे, श्रद्धा त्यांची आहे, नाही म्हणायचा हक्कही त्यांचाच." मी मान डोलावली. गोळ्या आणल्या आणि कपाटात साड्यांखाली ठेवल्या.

दुखणं वाढत गेलं. साध्या गोळ्या घेऊनही दुपारच्या वेळी त्याची लाट यायची. आण्णा नॅपकिनची गुंडाळी दातांत धरायचे. घाम इतका की बनियन पिळून निघावं. आणि मधल्या एखाद्या क्षणी नॅपकिन काढून पुटपुटायचे, "बघतोय, बघतोय." मला दुखतंय असं म्हणायचं नाही, दुखणं आहे असं म्हणायचं, हे त्यांना शिबिरात शिकवलेलं. मला त्या वेळी ते शिबिर, तो श्वास, सगळं पेटवून द्यावंसं वाटायचं. आई देवळीतल्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून बसायची आणि कानांवर पदर ओढून घ्यायची.

पण हेही सांगायला हवं, की लाट ओसरली की आण्णा उशांना टेकून बसायचे आणि खरंच प्रसन्न दिसायचे. "आज दहा मिनिटं धरून ठेवलं मी त्याला," म्हणायचे. "दुखणं वेगळं आणि मी वेगळा, असं दिसलं गं. अगदी स्वच्छ." मी म्हणायचे, बरं, पेज प्या आता. त्यांच्या त्या दहा मिनिटांची किंमत मला कळली नाही. मला फक्त तो नॅपकिन दिसायचा.

एका दुपारी त्यांनी दातांनी ओठ फोडून घेतला. रक्त हनुवटीवर आलं. मी ते पुसलं, आत गेले, कपाट उघडलं, अर्धी गोळी लाटण्याखाली चुरली. आण्णा रोज चार वेळा गुळवेलीचा काढा घ्यायचे. तो इतका कडू, की त्यात काय जिरणार नाही! मी पूड काढ्यात ढवळली आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. अपराधी वाटलं नाही. उलट वाटलं, हे मी आधीच का नाही केलं?

संध्याकाळी आण्णांचा चेहरा सैल झाला. कपाळावरच्या आठ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारची लाट आलीच नाही. मी ऑफिसातून रजाच घेतली होती, त्यामुळे चारही वेळचा काढा माझ्या हातचा.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. डोळे भरून आले होते. "दुखणं ओसरलं गं. बघत बघत ओसरलं. खरंच होतं असं! इतकी वर्षं नुसतं ऐकत होतो."

 मी नॅपकिनने त्यांचे डोळे पुसले. त्या आठवड्यात विहारातले दोघं-तिघं भेटायला आले, आणि आण्णांनी त्यांनाही सांगितलं, साधनेने दुखणं उतरतं, मी अनुभवलं, तुम्ही सोडू नका. ते हात जोडून ऐकत होते. मी त्यांच्यासाठी चहा करत होते आणि दुसऱ्या शेगडीवर काढा उकळत होता. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर ते चिडले असते, माझ्याशी बोलले नसते, कदाचित हसलेही असते. पण मी म्हटलं, आनंदात आहेत ना, राहू दे.

मग धुकं आलं. पहाटे उठवा म्हणायचे, उठवलं की पाच मिनिटांत हनुवटी छातीवर. वंदनेतला शब्द अडायचा. एकदा मला म्हणाले, वरच्या गल्लीचं पाणी सोडायचं राहिलं, चावी आण. मग स्वतःच भानावर आले आणि ओशाळले. "आज बसताच आलं नाही," असं एक दिवस म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काहीच म्हणाले नाहीत आणि मी विचारलंही नाही.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा आण्णा झोपले होते. त्यांनी पापणी वर करून टॉर्च मारला, टाचणीच्या टोकाएवढी झालेली बाहुली बघितली आणि माझ्याकडे वळल्या. स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "मॉर्फिन देताय तुम्ही."

मी खोटं बोलले नाही. त्या वेळी नाही. "हो. काढ्यातून."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

मला वाटलं ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, पण आवाज इतका खाली नेला, की त्यापेक्षा ओरडणं बरं. "हे बंद करा, नाहीतर त्यांना सांगा. आजच. त्यांना वाटत असेल हे आपल्याच मनाचं होतंय. कळतंय का तुम्हाला?"

"तुम्ही आठवड्यातून एकदा येता हो!" माझं डोकंच फिरलं. "बाकीचे सहा दिवस ते कण्हणं मी ऐकते. बाप आहे तो माझा."

"म्हणूनच सांगतेय. एकदम बंद करायला भीती वाटत असेल तर मला फोन करा, मी हळूहळू कमी करून देते. पण आधी त्यांना सांगा. उद्या मी विचारणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मी म्हटलं, "सांगितलं. हो म्हणाले." बाई सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या, छान झालं, मी पुढच्या आठवड्यात येते. किती सोपं गेलं! आण्णांचं पाचवं शील सांभाळायचं ओझं मी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं, आणि त्यासाठी माझं चौथं रोज मोडत होते, दिवसातून चार वेळा, चमच्याने ढवळून.

आता उगाच स्वतःची बाजू घेत नाही. मी लोकांना सांगते, त्यांचे हाल बघवत नव्हते. खरं ते असं, की मला ऐकवत नव्हते. आण्णा सोसायला तयार होते. तयार नव्हते ती मी.

फोनच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला आण्णा बरेच भानावर होते. खिडकीतून उन्हाची तिरीप पायावर आली होती. मी काढा घेऊन गेले, तर त्यांनी पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"तू मला काही देतेस का? यात, किंवा पेजेत?"

तेवढाच एक क्षण होता. त्यांनी तो मला आयता हातात आणून दिला होता. माझ्या मनात काय आलं माहीत आहे? आता हो म्हटलं तर ते पेला बाजूला ठेवतील, आणि दुपारी पुन्हा तो नॅपकिन.

"नाही," मी म्हटलं.

"नाही ना?"

"आण्णा, काहीतरीच काय! देईन का मी तुम्हाला न विचारता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मान हलवली. मग म्हणाले, "माफ कर गं. उगाच तुझ्यावर शंका घेतली." आणि त्यांनी काढा पिऊन टाकला, थेंबही न ठेवता. पेला परत देताना म्हणाले, "म्हणजे माझंच मन कच्चं राहिलं. इतकी वर्षं बसलो आणि ऐन वेळेला काहीच हाताशी नाही. त्या विहारातल्या लोकांना मी काय काय सांगून बसलो!"

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. दुसरं काय करणार होते! त्यांनी पाठीशी उशा लावायला सांगितल्या. बसून बघतो म्हणाले. डोळे मिटले, दोन-तीन श्वास घेतले असतील, आणि मान कलली. मी त्यांना आडवं केलं.

त्यानंतर ते असे बोललेच नाहीत. तीन दिवसांनी दुपारी झोपेतच गेले. आई एका बाजूला, मी एका बाजूला. आम्ही दोघींनी हाका मारल्या. त्यांना कळलं असेल असं मी मनाला पुष्कळ समजावते, पण पटत नाही.

डॉक्टरबाई येऊन गेल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "निदान शेवटी त्यांनी स्वतः ठरवलं, हे महत्त्वाचं." मी हो म्हटलं.

सातव्या दिवशी घरी पुण्यानुमोदन झालं. भन्तेजींनी सुत्तपठण केलं, मग विहारातले लोक एकेक करून बोलले. शेवटपर्यंत गुंगीची एक गोळी घेतली नाही, कण्हले नाहीत, शील सांभाळून गेले, असा माणूस होणे नाही. मी पांढरी साडी नेसून हात जोडून उभी होते आणि सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. लाज वाटत होती म्हणणं फार थोडं झालं. मला वाटत होतं, यांच्यापैकी कुणीतरी मला खाडकन एक थोबाडीत मारावी.

पाहुणे गेल्यावर आई आणि मी स्वयंपाकघरात आवराआवर करत होतो. आई भांडी पुसता पुसता म्हणाली, "काढा मी चाखला होता. पहिल्याच आठवड्यात. गुळवेल तशी नाही लागत."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मलाही सुटल्यासारखं झालं होतं." ती ओट्याला टेकली. "पण त्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, हे माझं मन नाही, माझ्यात काहीतरी शिरतंय. मला सांगायचं होतं. जीभच उचलेना. तर तेच म्हणाले, राहू दे, तू नको त्रास करून घेऊस, मी पोरीला विचारतो."

"आणि?"

"आणि म्हणाले, ती चिडेल, भांडेल, चार शब्द सुनावेल मला. पण खोटं नाही बोलायची."